डिस्कखालचा हिरवा

मागच्या अंगणात फरशीवर मांडलेल्या वस्तू अशा होत्या: मोटरसायकलची दोन चाकं, टायर काढलेली, रंग उतरवायच्या रसायनाचा एक सीलबंद डबा, रुंद ब्रश दोन, रबरी हातमोज्यांचे तीन जोड, त्यातला एक आईचा, भांडी घासायचा, लाकडी पट्ट्या चार, पितळी तारांचा ब्रश एक, जुन्या चादरीचे तुकडे, पाण्याच्या दोन बादल्या, डोळ्यांवर लावायचा गॉगल आणि स्वयंपाकघरातून न विचारता आणलेली प्लास्टिकची परात. धाकटीने सगळं दोनदा मोजलं. हव्या असलेल्या गोष्टींपैकी फक्त हिरवा रंग तिथे दिसत नव्हता. तो चाकांवरच आहे, काळ्या थराच्या खाली, असं ती धरून चालली होती.

घरात दोनच मुली. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटीच. धाकटी आता पंपांचे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होती आणि तिथले तिच्या दुप्पट वयाचे लोकही तिला याच नावाने हाक मारत. नाव कसं पसरलं हे तिला कधी कळलं नाही. बहुतेक आईने एकदा कारखान्यात फोन करून "धाकटीला द्या जरा" म्हटलं असावं.

मोटरसायकल ताईची. पहिल्या पगारातून तिने ती जुनी विकत घेतली, आणि चालवायची तीच. धाकटीची जागा मागे. शाळा, क्लास, कॉलेज, दवाखाना, कुठेही जायचं असलं तरी धाकटीला समोर दिसायची ती ताईची पाठ आणि हेल्मेटच्या खालून बाहेर आलेली वेणी.

ज्या वर्षी मागच्या दाराला हिरवा ऑइलपेंट दिला, त्या वर्षी डब्यात तळाशी थोडा रंग उरला. उरलेलं काही फेकायचं म्हटलं की ताईच्या जिवावर येई. लोकर उरली म्हणून तिने एकदा एकच मोजा विणला होता. तिने मोटरसायकलची चाकं काढली, वर्तमानपत्रावर आडवी केली आणि दाराच्याच ब्रशने हिरवीगार करून टाकली. आई बाहेर आली, तिने दाराकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता दार पळवून न्यायला चोराला गाडी वेगळी आणायला नको."

रंग दिल्यावर एक गंमत झाली. पुढचा ब्रेक दाबला की गाडी थरथरू लागली. जोरात नाही, थांबता थांबता, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, हलकीशी. ताईला गाडी चालवताना बोलायची खोड होती. ऑफिसमधल्या साहेबांच्या नकला, शेजारच्या काकूंचं कोणाशी बिनसलं ते, असं काहीबाही ती मान किंचित मागे वळवून सांगत असायची. सिग्नलला ब्रेक दाबला की गाडी थरथरायची, हं, हं, हं. "बघ," ताई म्हणायची, "ही हुंकार देतेय. तुझ्यापेक्षा बरी ऐकते." ती थरथर ताईच्या खांद्यांतून मागे यायची आणि धाकटीच्या तळहातांना कळायची.

मग ताईला दूर नोकरी लागली, समुद्रापलीकडे. दोन वर्षांसाठी म्हणून गेली आणि तिथलीच झाली. आईने गाडी विकायचं ठरवलं. पण हिरवी चाकं बघून गिऱ्हाईक आधी हसायचं आणि मग भाव पाडायचं. म्हणून तिने चाकं पावडर कोटिंगच्या भट्टीवर, रंगाची कोरडी पूड भाजून पक्की करतात तिथे, पाठवली. ती काळीभोर, तुकतुकीत होऊन आली. त्यानंतर जे गिऱ्हाईक आलं, त्याला आईने असा काही भाव सांगितला की तो माणूस पाणी प्यायलाही थांबला नाही. पुढच्याला त्याहून जास्त सांगितला. गाडी जिथे होती तिथेच राहिली. ती विकली का जात नाही, हे घरात कोणी कोणाला विचारलं नाही. हळूहळू धाकटी ती चालवायला शिकली आणि कारखान्यात घेऊन जाऊ लागली. चाकं काळी झाली तरी थरथर तशीच होती. सिग्नलला गाडी हुंकार द्यायची. सांगणारं मात्र कोणी नव्हतं.

या वेळी फोनवर ताई म्हणाली होती की रजेचा अर्ज टाकलाय, मंजूर झाला की तिकीट काढते. मग आवाज बदलून म्हणाली, "गाडीची चाकं अजून हिरवीच आहेत ना गं?"

"हो," धाकटी म्हणाली.

कोथिंबीर निवडत बसलेल्या आईने मान वर केली, धाकटीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "आता काढ रंग."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. धाकटीने ते शब्दशः घेतलं.

तिचा विचार साधा होता. वरचा काळा थर काढायचा आणि खालचा हिरवा जसाच्या तसा उघडा करायचा. दुसरा हिरवा लावणं सोपं होतं. दाराच्या रंगाचा नंबर तिला पाठ होता. पण मग तो धाकटीने लावलेला रंग झाला असता. तिला ताईने लावलेला हवा होता, ब्रशच्या रेघांसकट. रसायन वरून खाली मुरत जातं. काळा थर जाड आणि चिवट. त्याला सुटायला जेवढा वेळ लागेल आणि रसायन हिरव्याला खायला सुरुवात करेल, या दोहोंत एक फट असणार. त्या फटीत पाणी ओतून सगळं थांबवायचं. फट किती ते आधी लहानशा जागेवर करून बघायचं.

टायर कोपऱ्यावरच्या मेस्त्रींनी काढून दिले होते. पुढच्या चाकावर ब्रेकची डिस्क होती, पोलादाची गोल चकती. तिचे पाच बोल्ट काही केल्या हलेनात, म्हणून धाकटीने डिस्क तशीच ठेवून प्लास्टिकमध्ये गुंडाळली. चाक गाडीवर असतानाच तिने डायल गेज, म्हणजे केसाहून बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावून पाहिलं होतं, कारखान्यातून साहेबांना सांगून आणलेलं. चाक हळूहळू फिरवलं की डिस्कच्या कडेला काटा पुढेमागे जाऊन येत होता: बावीस शतांश मिलिमीटर. थरथर होती ती हीच. दहा शतांशांपर्यंत चालतं, त्यापुढे नाही. कारखान्यात तिने याहून कितीतरी कमी फरकावर माल परत पाठवला होता. मेस्त्रींनी गेजकडे न बघताच निकाल दिला होता की डिस्क वाकडी झालीय, नवी टाक.

आई परात शोधत बाहेर आली, तिने ती पाहिली आणि ती आता मेली असं समजून सोडून दिली. मात्र जाता जाता सल्ला दिला की एवढा खटाटोप कशाला, बादलीभर उकळतं पाणी आणि त्यात कपडे धुवायचा कडक सोडा, रंग आपोआप निघेल. धाकटीने सांगितलं की ही चाकं ॲल्युमिनियमची आहेत, सोडा रंगाआधी चाकच खाईल. आई म्हणाली, "मग थोडं खाऊ दे. जड आहेत कधीची."

धाकटीने हातमोजे घातले, गॉगल लावला, वारा कुठून येतो ते बघून त्याच्याकडे पाठ केली. हवा भरायच्या नळीशेजारी, अंगठ्याएवढ्या जागेवर ब्रशने रसायन लावलं. ते घट्ट होतं, मधासारखं. वर प्लास्टिकचा तुकडा ठेवला. थोड्या वेळात काळा पृष्ठभाग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि एका बाजूने उचलला गेला. तिने लाकडी पट्टीने तो हळूच सरकवला आणि लगेच पाणी ओतलं.

खाली राखाडी धातू होता.

इथला रंग तेव्हाच उडाला असेल, असं तिने ठरवलं. नळीशेजारी हात लागतोच. तिने आऱ्यावर दुसरी जागा घेतली. तिथेही राखाडी. मग तिसऱ्या जागी रसायन फारच थोडं लावलं, काळा जेमतेम उचलला जाईल इतकंच. राखाडी. मागच्या चाकावरही तेच. तिने एक हातमोजा काढला आणि उघड्या धातूवरून बोट फिरवलं. बारीक, एकसारखी खरखर. ही खरखर तिच्या बोटांना रोजची होती. वाळूचा मारा केलेला धातू. पावडर धरावी म्हणून आधी वाळू मारून जुनं सगळं साफ करतात, हे तिला आपल्या जन्मतारखेइतकं ठाऊक होतं. नव्या आलेल्या मुलांना ते तीच शिकवायची. फक्त या चाकांच्या बाबतीत ते तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तरी ती भट्टीवाल्याकडे गेली. जाताना बसने गेली, कारण गाडी बिनचाकांची विटांवर उभी होती. भट्टीवाला मोठ्या कपाटाएवढ्या भट्टीसमोर उभा होता आणि आत तारेवर खुर्च्यांचे सांगाडे टांगत होता. हिरवी चाकं त्याला आठवली.

"असली चाकं कोण विसरेल?" तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत दोनच गोष्टी लक्षात राहिल्या मॅडम. तुमची चाकं, आणि एकाने आणलेला पाळणा. त्याला पाळणा काळाच करून हवा होता."

हिरवा रंग ठेवून वरून पावडर मारता आली नसती का, हे तिने विचारलंच. विचारताना उत्तर ठाऊक होतं. त्यानेही ते चांगुलपणाने दिलं: घरचा रंग भट्टीत फुगला असता, वरची पावडर सोलून निघाली असती, आणि तिची आई त्याला शिव्या द्यायला आली असती. मग तो हात पुसत म्हणाला की डिस्क जिथे बसते त्या जागेला मात्र तो वाळू लागू देत नाही आणि पावडरही नाही. उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावून ती झाकून टाकतो. आहे तशी राहते.

धाकटी परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण त्याला नीट निरोपही दिला नाही.

डिस्कचे बोल्ट मेस्त्रींनी गरम हवेचा झोत देऊन सोडवले. प्रत्येक बोल्टला त्यांनी वेगळी शिवी दिली, आणि धाकटी समोर आहे हे आठवलं की तीच शिवी मागे घेऊन बोल्टला "बाळा" म्हटलं. डिस्क उचलून बाजूला ठेवली. तिच्या खालची बैठक, म्हणजे डिस्क ज्यावर टेकते ती सपाट कडी, उघडी पडली.

पहिल्यांदा वाटलं, गंज आहे. पण ॲल्युमिनियमला असा गंज चढत नाही. कडीवर चहाच्या डागासारखा तपकिरी थर होता, भट्टीत भाजून निघालेला. धाकटीने कापूस ओला करून तो पुसला. बोल्टच्या भोकांच्या आत, जिथे ऊब कमी पोहोचली असावी, तिथे तो तपकिरी नव्हता. हिरवा होता. मागच्या दाराचा हिरवा.

ताईने तेव्हा डिस्क काढून ठेवली होती आणि चाक रंगवताना हात आखडला नव्हता. जी जागा कोरडी ठेवायची तीही तिने रंगवली होती, एकही जागा उपाशी राहू नये तशी. एका बाजूला रंग ओघळून जाड झाला होता. त्या ओघळात ब्रशचा एक केस अडकला होता, वाकडा, अजून काळा.

"हे बघ," मेस्त्री वाकून म्हणाले. "या रंगानेच बसवली तिरकी. डिस्क सरळ असणार. खरवड हे, आणि बघ ब्रेक कसा लोण्यासारखा लागतो." पहिल्या निकालाबद्दल ते काही बोलले नाहीत.

धाकटीने डिस्क कारखान्यात नेऊन सपाट दगडी पाटावर तपासली. सरळ होती. ओघळ बैठकीवर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास होता. बैठक लहान आणि डिस्क मोठी, म्हणून कडेला तो फरक दुप्पट होत होता. म्हणजे ताई रोज जिला हुंकार म्हणायची, तो तिच्याच ब्रशचा एक ओघळ होता. इतकी वर्षं तो कोणाच्या लक्षात आला नव्हता आणि प्रत्येक सिग्नलला धाकटीच्या हातांना लागत होता.

रविवारी ताईचा फोन आला. आधी आई बोलली. आईच्या बाजूने फक्त "हं" आणि "बरं" ऐकू येत होतं, आणि मग "असू दे, काम आधी", आणि त्यावरून धाकटीला कळून चुकलं. रजा मिळाली नव्हती. ताईच्या हाताखालची दोन माणसं सोडून गेली होती, या वर्षी शक्य नव्हतं, पुढच्या वर्षी बघू. आईने फोन धाकटीच्या हातात दिला आणि जळायला काही ठेवलेलं नसताना गॅस बघायला आत गेली.

ताई नेहमीपेक्षा भराभर बोलत होती. तिकडच्या थंडीचं, नव्या साहेबाचं. साहेबाची नक्कलही केली, पण अर्ध्यात सोडून दिली. मग एकदम विचारलं:

"गाडी अजून हुंकार देते का गं?"

धाकटीला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. आणि तिने सांगितलं. चाकं हिरवी नाहीत, आईने केव्हाच काळी करून घेतली होती. आपण खोटं बोललो. तो काळा काढायला घेतला तर खाली काहीच निघालं नाही. आणि मग डिस्कखाली काय निघालं ते. तिने आकडेही सांगितले. सगळं ऐकून झाल्यावर ताई हसली, आधी तोंडातल्या तोंडात, मग मोठ्याने.

"म्हणजे बिचारी हुंकार देत नव्हती. कळवळत होती."

"तसंच काहीतरी."

"ब्रश दाराचाच होता. केस गळायचे त्याचे," ताई म्हणाली. मग तिने विचारलं, "मागे कोण बसतं तुझ्या?"

"कोणी नाही. आई म्हणते, तिला खाली उतरता येणार नाही."

"हं," ताई म्हणाली. आणि पुन्हा, "हं." मग एकदम थोरलीसारखी झाली. "ए, तो रंग खरवडून टाक हं. ब्रेकशी खेळ नको. तुझी गाडी आहे आता ती, नीट करून घे. करशील ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

आई दारात उभी होती. तिने धाकटीकडे पाहिलं. या वेळी मान खाली घातली नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी अंगणात पुन्हा सगळं मांडलं गेलं. धाकटीने पहिल्यांदा पुढच्या चाकाची बैठक घेतली. तिच्यावर ग्रीसचा पातळ हात दिला, त्यावर प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी, पट्टीची कडा नखाने दाबत दाबत सबंध गोल. भट्टीवाल्याने झाकली असेल त्याहून काकणभर जास्तच नीट. मग बाकीच्या चाकावर रसायन लावलं. काळा थर सुरकुतला, फुगला, चादरीच्या तुकड्यांत ओल्या सालपटांसारखा गोळा झाला. आऱ्यांच्या बेचक्यांत राहिला तो पितळी ब्रशने काढला. आईने न सांगता बादल्या भरून दिल्या आणि एकदा म्हणाली, "तेवढं झाकलंस ते काय आहे?" धाकटी म्हणाली, "बैठक."

दोन्ही चाकं राखाडी झाली, स्वच्छ धुऊन वाळली. मेस्त्रींनी स्प्रेने रंगवून देतो म्हटलं, अगदी कंपनीसारखं. धाकटीने नको म्हटलं. आधी प्रायमरचा हात देऊन तिने दाराच्या नंबरचा हिरवा डबा उघडला आणि ब्रशनेच रंगवायला बसली. पण तिचा हात तिच्या आड आला. रंग एकसारखा बसला, कडेपर्यंत, कुठे पातळ नाही, कुठे जाड नाही. एकही ओघळ आला नाही. तिने एके ठिकाणी ब्रश मुद्दाम भरून टेकवला आणि वाट पाहिली. थेंब थोडा खाली सरकला, मग पसरला आणि सपाट झाला.

आई दारात उभी राहून आधी दाराकडे आणि मग चाकांकडे बघत होती. "छान झालंय," ती म्हणाली. "तिच्यासारखं नाही झालं."

"नाही," धाकटी म्हणाली.

रंग पक्का सुकल्यावर मेस्त्रींनी टायर चढवून दिले. चाकं गाडीत बसवायचं आणि डिस्क आवळायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं. चिकटपट्टी सोडवली, ग्रीस पुसलं. तपकिरी कडी होती तशी होती, केसही जागेवर होता. मेस्त्रींनी जाताना खरवडायची पट्टी तिच्यापाशी ठेवली होती, पात्याला नवी धार लावून. धाकटीने ती उचलली, कागदात गुंडाळली आणि त्यांना परत करायच्या सामानात ठेवली. मग डिस्क आधी होती त्याच भोकांवर आणली, सोडवताना केलेल्या खुणा जुळवून, आणि पाचही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, शेवटपर्यंत आवळले. दोन्ही चाकं गाडीत चढवली.

आई बाहेर येऊन विटांवरच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसली. उतरता येणार नाही म्हणणारी बाई चढली कशी, हे धाकटीने विचारलं नाही. "बसू का जरा," आई म्हणाली, बसल्यानंतर.

धाकटीने लोखंडी स्टूल पुढच्या चाकाशी ओढलं, डायल गेजचा चुंबकी पाय त्यावर चिकटवला, टोक डिस्कच्या कडेला टेकवलं आणि काटा शून्यावर आणला. मग चाक बोटाने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं, खात्रीसाठी.

बावीस शतांश मिलिमीटर.